चार्टर विमानांवरील सरकारी निर्बंध आणि कोकण किनाऱ्याचे पर्यटन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचे चार खोल्यांचे घर आहे आणि निवास-न्याहारी योजनेखाली आम्ही तिथे पाहुणे ठेवतो. आमच्याकडे येणारे परदेशी पाहुणे जवळजवळ सगळेच गोव्यात उतरून येतात आणि त्यांतले बरेचसे चार्टर विमानाने आलेले असतात. त्यामुळे दिल्लीत एखादा नियम बदलला की त्याची झळ किंवा त्याचा लाभ आमच्या उंबऱ्यापर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत. शेजारचे घरमालक, टॅक्सीवाले, होडीवाले आणि नव्याने या व्यवसायात उतरणारी मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

चार्टर विमान म्हणजे नेमके काय?

नेहमीचे विमान जाहीर वेळापत्रकाप्रमाणे सुटते, मग त्यात दहा प्रवासी असोत वा दोनशे. चार्टरमध्ये अख्खे विमान कोणीतरी भाड्याने घेतलेले असते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतो, त्यातलाच हा प्रकार आहे. गोव्यात येणाऱ्या परदेशी चार्टरमध्ये विमान भाड्याने घेणारी बहुधा एखादी पर्यटन कंपनी असते. ती संपूर्ण हंगामासाठी आठवड्याला एक किंवा दोन फेऱ्या ठरवते, त्याच हिशेबाने किनाऱ्यावरच्या हॉटेलांतील खोल्या आगाऊ अडवून ठेवते आणि विमान, निवास व विमानतळावरून ने-आण असे सगळे मिळून एकाच किमतीला विकते.

हे पॅकेज स्वस्त पडते, कारण विमान जाताना आणि येताना दोन्ही वेळा भरलेले असते. आज उतरलेली माणसे हॉटेलात जातात आणि एक-दोन आठवड्यांपूर्वी आलेली त्याच विमानाने परततात. मात्र हंगामातील पहिले विमान परतताना रिकामे जाते आणि शेवटचे येताना रिकामे येते. या दोन रिकाम्या फेऱ्यांचा खर्च मधल्या सगळ्या फेऱ्यांवर विभागलेला असतो. हंगामाच्या मध्येच चार-पाच फेऱ्या रद्द झाल्या की हा हिशेब कोलमडतो, आणि म्हणूनच या व्यवसायात नियम कोणता आहे याइतकेच तो केव्हा जाहीर झाला हेही महत्त्वाचे ठरते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हा मुद्दा येईल.

परदेशी विमान कंपनीला अडवण्याचा अधिकार सरकारला कुठून मिळतो?

१९४४ च्या शिकागो करारातून. या करारानुसार प्रत्येक देशाची आपल्या आकाशावर पूर्ण सत्ता असते. कराराच्या पाचव्या कलमात बिगरनियमित, म्हणजे जाहीर वेळापत्रकाबाहेरच्या विमानांना काही मोकळीक आहे, पण भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या अशा विमानांवर संबंधित देश त्याला योग्य वाटतील ते नियम, अटी आणि मर्यादा घालू शकतो. सातव्या कलमाप्रमाणे परदेशी विमानाला देशातल्या देशात प्रवासी नेण्यास मनाई करता येते. मॉस्कोहून गोव्यात आलेले विमान गोव्याहून मुंबईचे प्रवासी घेत नाही, त्यामागे हेच तत्त्व आहे.

भारतात हा कारभार १९३४ च्या विमान कायद्याखाली चालत असे. त्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. परंतु व्हिसा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत, नौदलाची धावपट्टी संरक्षण मंत्रालयाच्या, सीमाशुल्क अर्थ मंत्रालयाच्या आणि साथीच्या काळातील तपासणी आरोग्य मंत्रालयाच्या हाती असते. यांपैकी एका टेबलावर कागद अडला तरी बाकीच्यांची संमती असून विमान जागचे हलत नाही.

पर्यटन पॅकेजच्या चार्टरवर कोणत्या अटी असतात?

मुख्य अट अशी की प्रवाशाने संपूर्ण पॅकेज घेतलेले असावे. त्यात विमानप्रवास, राहण्याची सोय आणि स्थानिक वाहतूक हे सारे आले पाहिजे. नुसते आसन विकणे या व्यवस्थेत बसत नाही. विमानाने आलेला गट चार्टरनेच परत जावा, असाही नियमांचा रोख राहिला आहे. अनेक वर्षे भारतीय पासपोर्ट असलेल्यांना अशा विमानांतून प्रवास करण्याची मुभाच नव्हती. पुढे हे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले. विमान जिथे उतरणार तिथे सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची सोय हवी, ही अट मात्र कायम आहे आणि तिला पर्याय नाही.

या अटी का घातल्या गेल्या, हे समजून घेणे न्याय्य ठरेल. नियमित विमानसेवा दोन देशांतील करारानुसार चालते. कोणत्या देशाच्या कंपनीने आठवड्याला किती आसने न्यायची हे त्या करारात ठरते. चार्टरच्या नावाखाली कोणी खुली आसने विकू लागला, तर त्या कराराला अर्थ उरत नाही आणि वर्षभर तोटा सोसून सेवा देणाऱ्या कंपन्यांचे गिऱ्हाईक हंगामापुरते पळवले जाते. हे कारण मला पटते. पण त्याच अटीमुळे गोव्यात उतरून कोकण रेल्वेने रत्नागिरी, मुंबई पाहत पुढे निघून जाऊ इच्छिणारा प्रवासी चार्टरकडे वळत नाही. जो वळतो, तो ठरलेल्या हॉटेलच्या आसपासच फिरतो आणि आमच्या वाट्याला त्याचे दोन-तीन दिवसच येतात.

गोव्यातील दाबोळी विमानतळावर सकाळी साडेआठनंतर विमाने का उतरत नाहीत?

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज काळात, १९५५ मध्ये सुरू झाली. गोवा मुक्तीनंतर ती भारतीय नौदलाकडे आली आणि आज तिथे नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे. प्रवासी विमानतळ त्या तळाच्या आवारातच चालतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साधारण साडेआठ ते दुपारी एक ही वेळ नौदलाच्या उड्डाणांसाठी राखीव राहत आली आहे.

युरोपातून संध्याकाळी निघालेली विमाने आपल्याकडे सकाळी पोचतात. म्हणजे नेमकी हीच वेळ आडवी येते. मग एकतर पहाटे उतरायचे किंवा दुपारनंतर. युरोपात बर्फामुळे विमान तीन तास उशिरा सुटले, तर ते या राखीव वेळेत सापडते आणि सगळी साखळी बिघडते. दोन-तीन मोठी विमाने पहाटे एकापाठोपाठ उतरली की इमिग्रेशनच्या रांगा लांबतात. आमच्या ओळखीचे टॅक्सीवाले पाहुण्याला आणायला रात्री अकरालाच जेवून निघत आणि विमानतळाबाहेर गाडीतच डुलकी काढत. पाहुणा बाहेर येईपर्यंत उजाडलेले असे, आणि तो आमच्या दारात पोचायचा तो थेट जेवायच्या वेळेला, डोळ्यांत झोप घेऊन. देशाच्या संरक्षणासाठी राखलेल्या वेळेबद्दल तक्रार करणे योग्य नाही. मात्र एकाच धावपट्टीवर दोन कामे चालवण्याची किंमत पर्यटनाने अनेक वर्षे मोजली, हे नोंदवले पाहिजे.

मोपा विमानतळामुळे काय बदलले?

उत्तर गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. हा विमानतळ नागरी असल्याने तिथे नौदलाच्या वेळा आड येत नाहीत. आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची जागा. मोपा सिंधुदुर्गातील बांद्यापासून जवळ आहे, आणि तिथे उतरलेल्या प्रवाशाला कळंगुटपेक्षा रेडी किंवा शिरोडा फार दूर नाही. दाबोळी आणि मोपा यांच्यात रस्त्याने सुमारे ६० ते ७० किलोमीटरचे अंतर आहे, तेव्हा दक्षिण सिंधुदुर्गाच्या दृष्टीने विमानतळ अख्खा गोवा ओलांडून आमच्या शिवेपर्यंत आला असे म्हणता येईल.

दक्षिण गोव्यातील बाणावली, वार्का, केळशी या पट्ट्यातील हॉटेलांचे मात्र यात नुकसान होते, आणि चार्टर दाबोळीलाच राहावीत ही त्यांची मागणी समजण्यासारखी आहे.

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावर परदेशी चार्टर थेट का उतरत नाही?

चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी अडीच किलोमीटर लांबीची आहे. तो देशांतर्गत विमानतळ असून सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची व्यवस्था तिथे नाही. परदेशातून आलेले विमान सीमाशुल्क कायदा, १९६२ खाली त्यासाठी अधिसूचित केलेल्या विमानतळावरच उतरू शकते. कागदावरची अधिसूचना निघाली तरी पुरत नाही. अधिकारी, त्यांची कक्षे, तपासणीची यंत्रे आणि आठवड्यातून एखाद्या विमानासाठी हे सारे सज्ज ठेवण्याचा खर्च यांचाही विचार करावा लागतो.

शेजारी मोपा असताना हा खर्च चिपीवर करावा का, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी आज तरी नको म्हणेन. आधी मुंबई, पुणे, बंगळूर यांच्याशी चिपीची नियमित सेवा टिकली पाहिजे. लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखाली सुरू झालेली मुंबईची सेवा तीन वर्षांची मुदत सरल्यावर २०२४ च्या ऑक्टोबरात थांबली, तेव्हा आम्हाला त्याचा जो फटका बसला तो चार्टर न येण्यापेक्षा कमी नव्हता.

रत्नागिरीचे काय?

रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. तिथे परदेशी चार्टरचा प्रश्न आज उद्भवत नाही.

कोविडच्या काळात चार्टरना आधी परवानगी मिळाली होती, मग फारशी विमाने का आली नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण निर्बंध कसे काम करतात हे त्या दीड-दोन वर्षांइतके स्पष्ट पुन्हा कधी दिसले नाही.

१३ मार्च २०२० रोजी पर्यटक व्हिसा स्थगित झाले. त्यानंतर दहा दिवसांत नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली. त्या वेळी गोव्यात आणि आमच्या भागातही परदेशी पाहुणे अडकून पडले होते आणि त्यांना परत नेण्यासाठी त्यांच्या सरकारांनी खास विमाने पाठवली. पुढचा २०२०-२१ चा हंगाम परदेशी पाहुण्यांविनाच गेला.

२०२१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गृह मंत्रालयाने जाहीर केले की, चार्टरने येणाऱ्या परदेशी पर्यटकांना १५ ऑक्टोबरपासून आणि इतर विमानांनी येणाऱ्यांना १५ नोव्हेंबरपासून नवे व्हिसा दिले जातील. पहिले पाच लाख व्हिसा ३१ मार्च २०२२ पर्यंत विनाशुल्क देण्याचीही घोषणा होती. निर्णय चांगल्या हेतूने घेतला होता आणि चार्टरला इतरांच्या आधी दार उघडले होते. पण परदेशी पर्यटन कंपनी हिवाळ्याचे पॅकेज आधीच्या उन्हाळ्यात किंवा त्याच्याही आधी विकायला काढते. जिथे दार उघडे असल्याची खात्री होती, त्या देशांकडे तिने आपली विमाने केव्हाच वळवलेली होती. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यात जेमतेम आठ दिवस होते. तेवढ्यात विमान ठरवणे, दोनशे लोकांना पॅकेज विकणे आणि त्यांचे व्हिसा काढणे शक्य नसते.

नोव्हेंबरच्या अखेरीस ओमायक्रॉन आला. नियमित उड्डाणे १५ डिसेंबरपासून पूर्ववत करण्याचा निर्णय जाहीर झाला होता, तो काही दिवसांतच पुढे ढकलण्यात आला. ब्रिटन आणि युरोपातून येणाऱ्यांना विमानतळावर चाचणी सक्तीची झाली. नियमित उड्डाणे अखेर २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, म्हणजे आमचा हंगाम आवरायला घ्यायच्या वेळी. गोव्यात २०१९ मध्ये नऊ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. २०२१ मध्ये हा आकडा पंचवीस हजारांच्याही आत होता.

साथीच्या काळात सरकारने सावध राहायला नको होते, असे मी म्हणणार नाही. आमच्या गावातही माणसे गेली आहेत. पण ज्या वेळी दार उघडायचे ठरले, ती वेळ या व्यवसायाच्या पंचांगाशी जुळवली गेली नाही. मृग निघून गेल्यावर बियाणे वाटले तर ते चांगल्या प्रतीचे असूनही शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

व्हिसाचा नियम हा चार्टरवरचा निर्बंध कसा काय?

चार्टरने येणारा प्रवासी बहुधा मध्यमवर्गीय असतो, त्याने पॅकेज किंमत पाहून घेतलेले असते आणि इजिप्त, थायलंड, श्रीलंका असे पर्याय त्याच्यासमोर असतात. व्हिसासाठी रजा काढून दुसऱ्या शहरात जावे लागणार असेल, तर तो सरळ दुसरा देश निवडतो. विमानाला परवानगी आहे, पण प्रवाशाला व्हिसा मिळत नाही, अशा वेळी विमान रद्दच होते.

याची तीन उदाहरणे सांगतो. २००९ च्या अखेरीस सुरक्षेच्या कारणास्तव असा नियम आला की, पर्यटक व्हिसावर आलेल्याने देश सोडल्यावर दोन महिने पुन्हा यायचे नाही. अख्खा हिवाळा किनाऱ्यावर काढणारे आणि मध्येच आठवडाभर श्रीलंकेला जाऊन येणारे जुने पाहुणे त्यामुळे गोंधळले. २०१२ च्या अखेरीस तो नियम बहुतेकांसाठी शिथिल झाला. दुसरे उदाहरण चांगले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांसाठी ऑनलाइन परवानगीची, म्हणजे पुढे ई-व्हिसा म्हटली गेलेली सोय सुरू झाली, तिच्या पहिल्या विमानतळांत गोवा होता आणि पहिल्या देशांत रशिया होता. ब्रिटनचा समावेश २०१५ च्या ऑगस्टमध्ये झाला. घरबसल्या अर्ज भरता येऊ लागल्याचा फायदा आमच्या दारापर्यंत पोचला.

तिसरे उदाहरण २०२२ चे आहे. कोविडनंतर इतर अनेक देशांची ई-व्हिसाची सोय पूर्ववत झाली, पण ब्रिटिश नागरिकांची झाली नाही. त्यांना व्हिसा केंद्रात स्वतः हजर राहावे लागे आणि तिथली वेळ मिळणे कठीण होते. पाहुण्याने खोली मागितली की आम्ही नोंदवहीत त्याचे नाव पेन्सिलने लिहितो आणि तो दारात येऊन उभा राहिला की तेच नाव शाईने गिरवतो. आमच्या वहीत २०२२ च्या नोव्हेंबरच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली पाच ब्रिटिश नावे आहेत आणि शाईचे एकही नाही. त्यांतले एक जोडपे सहा हिवाळे आमच्याकडे येत होते. ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये परत आली. तोवर हंगामाचे दोन महिने संपले होते आणि त्या दोन महिन्यांत रद्द झालेल्या फेऱ्या परत येणार नव्हत्या.

चार्टर कमी झाली ती सगळी सरकारी नियमांमुळेच का?

नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधील थॉमस कुक ही जुनी कंपनी बंद पडली आणि ऐन हंगामाच्या तोंडावर गोव्याची ठरलेली विमाने व खोल्या एका रात्रीत गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि इंधनाचा खर्च वाढला. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि निर्बंधांमुळे रशियन कंपन्यांची परदेशातून भाड्याने घेतलेली विमाने अडचणीत आली. मोरजीच्या किनाऱ्यावर ज्यांनी रशियन भाषेत पाट्या लिहून घेतल्या होत्या, त्यांनी हा फटका सर्वांत जास्त सोसला. २०२३ च्या जानेवारीत मॉस्को आणि पर्म येथून गोव्याला निघालेली दोन विमाने बॉम्बच्या धमकीमुळे अनुक्रमे जामनगरला आणि उझबेकिस्तानला उतरवावी लागली.

यांतल्या बहुतेक गोष्टी आपल्या सरकारच्या हातातल्या नव्हत्या. म्हणूनच ज्या गोष्टी हातात आहेत, त्या वेळेवर ठरवल्या जाव्यात अशी अपेक्षा आहे.

देशी पर्यटक इतके येत असताना परदेशी चार्टरची चिंता कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. देशी पर्यटकांवरच आज किनारा चालतो, हे खरे आहे, आणि पुणे-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. पण दोघांच्या येण्याची रीत वेगळी आहे. देशी पाहुणा शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत येतो व दोन रात्री राहतो. चार्टरचा पाहुणा जानेवारीतल्या मंगळवारीही असतो आणि एक-दोन आठवडे किनाऱ्यावर राहतो. भरगच्च शनिवार आणि रिकामा बुधवार यांच्यावर माणसे पगारी ठेवता येत नाहीत. सलग भरलेले दिवस असले, तरच धुणे करणाऱ्या बाईंना रोजचे काम, पोराला स्वयंपाकघरात कायमची जागा आणि मासेवालीला रोजची मागणी देता येते.

आमच्याकडे एक पाहुणी दर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहायला जात असे. तिसऱ्या दिवशी ती दोर धरायला लागली, पाचव्या दिवशी रापणकरांनी तिच्या वाट्याचे मूठभर मासे तिच्या टोपीत घातले आणि ती ते घेऊन आमच्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. पंधरा दिवस राहणाऱ्या पाहुण्यालाच हे साधते. आपण शनिवारी येऊन रविवारी दुपारी निघालेल्या माणसाला किनारा दाखवू शकतो, गाव दाखवू शकत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पॅकेजच्या पैशाचा मोठा भाग परदेशी कंपनीकडे राहतो, आणि स्वस्त पॅकेजसाठी हॉटेलांना दर फार खाली आणावे लागतात. केवळ चार्टरवर अवलंबून राहिलेली हॉटेले २०१९ नंतर सर्वांत आधी बंद पडली. आमच्या चार खोल्यांपैकी दोनपेक्षा जास्त खोल्या आम्ही कधीच अशा पाहुण्यांसाठी अडवून ठेवत नाही.

गोव्यातल्या चार्टरशी सिंधुदुर्गातल्या माणसाचा संबंध किती?

फार जवळचा आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, सातार्डा या भागांतली कितीतरी मुले-मुली रोज पहाटे मोटारसायकलने किंवा बसने गोव्यात कामाला जातात. हॉटेलातील खोल्या, स्वयंपाकघरे, किनाऱ्यावरचे शॅक आणि विमानतळावरची कामे त्यांच्या हातून होतात. चार्टर फेऱ्या कमी झाल्या की आधी हंगामी कामगारांना घरी बसवले जाते, आणि ही घरे बहुधा तेरेखोल नदीच्या अलीकडची, म्हणजे सिंधुदुर्गातली असतात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण आजही आमच्या मुलांची पर्यटनातली नोकरी बऱ्याच अंशी शेजारच्या राज्यात उतरणाऱ्या विमानांवर अवलंबून आहे.

पर्यटन कंपनीने खोल्या राखून ठेवल्या आणि विमान रद्द झाले, तर पैसे कोणाचे जातात?

करारात लिहिले असेल त्याप्रमाणे. या धंद्यात खोल्यांच्या वाटपाबरोबर ‘रिलीज’ची मुदत ठरते, म्हणजे अमुक दिवस आधी कंपनीने नावे कळवली नाहीत तर खोली आपल्याकडे मोकळी परत येते. ही मुदत लहान घरमालकाने २१ दिवसांपेक्षा कमी मान्य करू नये, असा माझा सल्ला आहे. आगाऊ रकमेपैकी किती परत करायची आणि सरकारी निर्बंधांमुळे विमान रद्द झाल्यास काय करायचे, हे वेगळ्या कलमात लिहून घ्यावे.

आम्ही हे अनुभवाने शिकलो. एका हंगामात एका कंपनीच्या माणसाने दोन खोल्या दोन महिन्यांसाठी तोंडी राखून घेतल्या. आम्ही नाताळातले देशी पाहुणे परत पाठवले. विमाने रद्द झाल्याचे आम्हाला गोव्यातील एका टॅक्सीवाल्याकडून समजले. कागद नव्हता, त्यामुळे बोलण्यासारखे काही उरले नाही.

परदेशी पाहुणा घरी ठेवताना कोणती काळजी घ्यावी?

पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. हा अर्ज सगळीकडे ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखला जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचे जुने कायदे जाऊन इमिग्रेशन व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला आहे, तेव्हा सध्याचे नमुने पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्यावेत. पाहुणा एकाच रात्रीसाठी आला, गोव्यातील हॉटेलात त्याची नोंद आधीच झाली आहे, अशी कारणे चालत नाहीत. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत आल्या आल्या, चहा देण्याच्या आधी घ्यावी.

लग्नासाठी किंवा कुटुंबासाठी देशातल्या देशात विमान भाड्याने घेता येते का?

घेता येते. त्यासाठी बिगरनियमित सेवेचा परवाना असलेल्या भारतीय कंपनीकडे जावे लागते. तिला जाहीर वेळापत्रक काढता येत नाही. चिपीला असे विमान उतरू शकते, पण धावपट्टीच्या कामकाजाची वेळ आधी विचारून घ्यावी. दाबोळीला उतरायचे असेल, तर नौदलाच्या वेळा पाळाव्या लागतात.

मग निर्बंध उठवावेत, असे आपले म्हणणे आहे का?

सरसकट उठवावेत असे नाही. सुरक्षेची तपासणी, नौदलाच्या वेळा, इमिग्रेशनची सक्ती यांना माझा विरोध नाही. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली अशी की, ऑक्टोबर ते एप्रिल या हंगामाला लागू होणारा चार्टर किंवा व्हिसासंबंधीचा प्रत्येक बदल त्याआधीच्या एप्रिलपर्यंत जाहीर व्हावा, आणि हंगामाच्या मध्ये आणीबाणीखेरीज नियम बदलायचाच झाला तर आधी पॅकेज घेतलेल्यांना जुना नियम लागू राहावा. दुसरी मागणी अशी की, चार्टरने आलेल्याला परत जाताना नियमित विमानाने, हव्या त्या भारतीय विमानतळावरून जाण्याची मुभा स्पष्ट शब्दांत असावी. तसे झाले तर गोव्यात उतरलेला माणूस वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी करत मुंबईहून घरी जाऊ शकेल, आणि आज गोव्याच्या हद्दीत थांबणारा पैसा अख्ख्या किनारपट्टीवर फिरेल.

पाहुण्याचे विमान दाबोळीला उतरणार की मोपाला, हे कसे ओळखावे?

तिकिटावरच्या तीन अक्षरांवरून. दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स ही अक्षरे असतात. शहराचे नाव दोन्हींवर गोवा असेच छापलेले असते, त्यामुळे पाहुण्याच्या शब्दावर न जाता तिकिटाचे छायाचित्र मागून घ्यावे आणि मगच गाडी पाठवावी. चार्टरची वेळ शेवटच्या आठवड्यातही बदलते, तेव्हा विमान सुटल्याची खात्री झाल्याशिवाय चालकाला घरून निघू देऊ नये.